पंक बँडचा आवाज मुरला म्हणजे तो बदलला का?

सांगली-मिरजेतल्या गिटारवाल्या पोरांत एक समज पक्का बसलाय: पंक, म्हणजे रॉकचा हा वेगवान, रांगडा प्रकार, म्हणजे तीन कॉर्ड (एकदम छेडलेल्या सुरांचे गट) आणि आरडाओरडा. बँड वयात आला, गाण्यात ठहराव आला, की तो ‘विकला गेला’. २०२४ च्या जानेवारीत ग्रीन डे या अमेरिकन पंक बँडचा ‘सेव्हिअर्स’ हा अल्बम आला. बापाने मुलाला उद्देशून म्हटलेलं संथ गाणंही त्यात आहे, आणि ‘हे कसलं पंक?’ हा सवाल लगेच येतो.

तीन कॉर्डची गोष्ट आली १९७७ च्या सुमारास, एका ब्रिटिश फॅनझिनमधल्या, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या छोट्या मासिकातल्या, चित्रातून. हा एक कॉर्ड, हा दुसरा, हा तिसरा, आता बँड काढा! ते नवख्यांना दिलेलं आमंत्रण होतं. पोरांनी त्याचा कायदा केला.

‘द क्लॅश’ या लंडनच्या पंक बँडचा १९७७ चा पहिलाच अल्बम नीट ऐका. बहुतेक गाणी दोन-तीन मिनिटांची, आणि मध्येच जमैकन गायक ज्युनियर मर्विनचं रेगे गाणं, तब्बल सहा मिनिटं. रेगेत, म्हणजे जमैकाच्या या संगीतात, गिटार ठेक्याच्या मधल्या जागेत वाजते. इथे एक गिटार तिथेच राहते, दुसरी थेट ठेक्यावर आदळते. हेडफोन लावून दोन्ही वेगळ्या ऐका, अंगावर काटा येतो. म्हणजे मिसळ पहिल्या दिवसापासूनच होती. १९७९ च्या ‘लंडन कॉलिंग’मध्ये स्का (रेगेच्या आधीचं जमैकन संगीत), रॉकबिली (सुरुवातीच्या काळातलं कंट्री वळणाचं रॉक), जॅझ आलं ते त्याच वाटेने.

ज्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारांना झंकार देणारी घोडीची घडण) तासन् तास घासून लावतात, तिथल्या कानांना तरी मुरलेला सूर परका वाटू नये. ‘सेव्हिअर्स’ एकदा सलग, शेवटपर्यंत ऐका. वेगवान गाणीही त्यात भरपूर आहेत.