अनडूला फांद्या हव्यात

चित्रं, संगीत किंवा मजकूर घडवायचं सॉफ्टवेअर करताना सगळ्यात आधी अनडू, म्हणजे केलेली कृती मागे घ्यायची सोय, आखावा. तो मागाहून जोडणं फार जड जातं, कारण प्रत्येक कृतीची नोंद कशी ठेवायची हेच त्यावर ठरतं. वापरणाऱ्याची वेडंवाकडं करून बघायची हिंमतही त्याच्याच भरवशावर असते. फोटोशॉपमध्ये १९९८ साली ५.० आवृत्ती येईपर्यंत फक्त शेवटची एक कृती मागे घेता यायची.

दर वेळी अख्ख्या चित्राची प्रत ठेवणं सोपं, पण महाग. ए४ आकाराचं, ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) चित्र म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक प्रत ३५ एमबीची, ५० पायऱ्यांना पावणेदोन जीबी! म्हणून चित्राचे २५६ × २५६ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि ब्रश जिथून फिरला तेवढेच जुने चौकोन जपून ठेवतात. एक चौकोन २५६ केबीचा. फटकारा १२ चौकोनांवरून गेला तरी ३ एमबीत भागतं.

चित्राऐवजी कृतीच नोंदवली, म्हणजे ब्रशचा मार्ग, दाब आणि रंग, तर जागा आणखी कमी लागते. मात्र शिंतोडे उडवणारा ब्रश यादृच्छिक आकड्यांवर चालतो. त्यांचं बीज, म्हणजे ते आकडे ज्यापासून तयार होतात तो सुरुवातीचा आकडा, नोंदवायचं राहिलं, की रीडू केल्यावर (मागे घेतलेली कृती पुन्हा आणल्यावर) शिंतोडे भलतीकडेच पडतात.

एक पायरी कुठे संपते, हेही नीट ठरवावं लागतं. स्लाइडर ओढताना शेकडो बदल होतात, पण बोट उचलेपर्यंतची ती एकच पायरी. ‘क्षि’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, चार खुणांचं असतं. पायरी मध्येच तुटली तर अनडूनंतर नुसता ‘क्’ उरतो. झूम आणि स्क्रोल अनडूच्या यादीत घेऊच नयेत.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते सरळ रेषेतल्या इतिहासानं. दहा पावलं मागे जाऊन एक रेघ मारली, की पुढची दहाही पावलं बहुतेक सॉफ्टवेअर पुसून टाकतात. म्हणजे नवं काही करून बघायचं तर आधीचं गमवायचं! यावर उपाय म्हणजे इतिहासाचं झाड: नव्या रेघेची नवी फांदी, जुनी तशीच शाबूत. विम या मजकुराच्या एडिटरमध्ये ते २००६ पासून आहे. चित्रांच्या बाबतीत मात्र ‘ब्रश, ब्रश, ब्रश’ अशी यादी कुचकामी ठरते. जिथे फांदी फुटते तिथे लघुचित्र हवं. मूळ चित्राच्या एक दशांश मापाचं ठेवलं तर ते सुमारे ३५० केबीचं होतं. फाइल बंद केल्यावरही झाड टिकावं म्हणून ते डिस्कवर लिहावं लागतं. विममध्ये ही सोय २०१० च्या ७.३ आवृत्तीत आली, पण ती आपण मुद्दाम चालू करावी लागते.