प्रत्येक बदल म्हणजे म्युटेशन नव्हे

शेततळ्यात चिलापीची (म्हणजे तिलापिया माशांची) मर लागली की दिंडोरी-निफाडकडच्या गप्पांत दुसरं वाक्य ठरलेलं असतं: 'व्हायरसनं म्युटेशन मारलं.' विषाणूतल्या झाडून सगळ्या बदलांना हेच एक नाव देण्याची सवय आता डोक्यात जाते.

म्युटेशन काय ते सांगत बसत नाही, करोनानं डेल्टा-ओमिक्रॉन सगळ्यांकडून घोकून घेतलंय. विषाणूच्या जनुकीय मजकुराची नक्कल होताना एखादं अक्षर चुकतं, काही चुका टिकतात. आरएनए विषाणूंत चुका जास्त, डीएनए विषाणूंत कमी; कोई माशांच्या हर्पिस विषाणूत सुमारे २,९५,००० अक्षरं असूनही देशोदेशीचे नमुने एकमेकांशी कमालीचे जुळतात. एवढं पुरे.

घोळ होतो तो जनुकीय मजकुराच्या तुकड्यांच्या अदलाबदलीत. तिलापिया लेक व्हायरस घ्या. इस्रायलमधून २०१४ साली त्याचं पहिलं वर्णन आलं, भारतात २०१८ मध्ये केरळ आणि पश्चिम बंगालमधल्या चिलापीत तो सापडल्याची नोंद झाली. अक्षरं जेमतेम १०,३२३. पण करोनासारखा तो सलग एक धागा नाही, दहा सुटे तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्याची नक्कल स्वतंत्रपणे होते आणि नवा कण बांधताना ते एकत्र भरले जातात. आता एकाच माशाच्या एकाच पेशीत या विषाणूचे दोन वेगळे वाण एकदम शिरले, तर दोन्हीकडच्या तुकड्यांच्या नकला तिथं मिसळतात. मग बाहेर पडणाऱ्या कणात सात तुकडे एकाचे, तीन दुसऱ्याचे असूही शकतात. अक्षर एकही चुकलेलं नाही, तरी विषाणू नवा.

द्राक्षवाल्याला हे लगेच कळावं. द्राक्षातला तास-ए-गणेश थॉमसन या जातीच्याच वेलीवरच्या बदलातून निघाला; दोन जातींचा संकर करून काढलेलं वाण ही निराळीच गोष्ट. तिथं हा फरक कोणी विसरत नाही, माशांकडे वळलं की सगळं म्युटेशन!

२००९ चा स्वाइन फ्लूही असाच तुकड्यांच्या अदलाबदलीतून आला होता, त्याचे तुकडे आठ. गवत्या माशाच्या (ग्रास कार्पच्या) रिओ विषाणूचे अकरा. हर्पिसला सुटे तुकडेच नाहीत, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही.

माझा खरा राग आहे तो एका तुकड्यावरून वंशावळ काढणाऱ्यांवर. तिसरा तुकडा वाचला, तो थायलंडच्या नमुन्याशी जुळला, झालं: 'रोग थायलंडहून आला.' अहो, तिसरा तुकडा जुळला एवढंच! उरलेल्या नऊंची वंशावळ वेगळी असू शकते. तिलापिया लेक व्हायरसच्या वेगवेगळ्या तुकड्यांच्या वंशावळी काढल्या तर त्या एकमेकांशी जुळत नाहीत, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. दहाही तुकडे वाचले नसतील तर अहवालात देशाचं नाव घालू नये.

तळ्यावर याचा अर्थ सरळ आहे. म्युटेशन एकाच ठिकाणच्या विषाणूतही होत राहतं, ते तुम्ही थांबवू शकत नाही. अदलाबदलीला मात्र दोन वाण एकाच माशात यावे लागतात. दोन हॅचऱ्यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), स्वस्त पडली म्हणून, एकाच तळ्यात सोडणं म्हणजे ती सोय स्वतःच्या हातानं करून देणं. मी तर एका तळ्यात एकाच ठिकाणचं बीज, आणि तेही तपासलेलं, याच मताचा आहे.

तपासणीतही दोन्हींचा परिणाम वेगवेगळा. पीसीआर चाचणीतला प्रायमर, म्हणजे विषाणूचा ठरावीक मजकूर शोधून त्याला चिकटणारा छोटा तुकडा, जिथं चिकटतो नेमकं तिथलंच अक्षर बदललं, तर विषाणू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. हे म्युटेशनचं काम. अदलाबदल झालेल्या विषाणूची चाचणी एरवी बिनबोभाट पॉझिटिव्ह येते, पण ती बघते एकच तुकडा, बाकीचे नऊ कुठले ते तिला कळत नाही. म्हणून डोळे पांढुरके, अंगावर चट्टे आणि पिल्लं भराभर मरत असताना अहवाल निगेटिव्ह आला, तर दुसऱ्या तुकड्यावरची चाचणी मागा.