ठासणीच्या बंदुकीच्या शिकारीतले साइटचे नियम आणि दृष्टिदोष असलेले शिकारी

मझललोडर म्हणजे आपल्याकडं कोकणात जिला ठासणीची बंदूक म्हणतात तीच, नळीच्या तोंडातून आधी दारू, मग शिशाची गोळी टाकायची आणि गजानं ठासायची. अमेरिकेत हरीण, एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) वगैरेच्या शिकारीला बऱ्याच राज्यांत या बंदुकीचा वेगळा सीझन असतो. एकदा बार उडाला की परत भरायला वेळ लागतो आणि पल्लाही कमी, त्यामुळे यश कमी जणांना मिळतं आणि म्हणून जास्त लोकांना शिकारीची संधी देता येते, हा त्यामागचा हिशोब. पण बंदुकीवर दुर्बीण म्हणजे स्कोप बसवला की पल्ला वाढतो आणि सगळा हिशोबच बिघडतो, म्हणून साइटवर, म्हणजे नेम धरायच्या साधनावर, बंधनं आली.

कोलोरॅडोत मझललोडर सीझनमध्ये फक्त उघडी साइट चालते, म्हणजे मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी (छोटा उंचवटा). फायबर ऑप्टिकचा चमकणारा ठिपका चालतो पण स्कोप नाही आणि बॅटरीवरची साइटही नाही. युटानं 2016 मध्ये मोठं दाखवणाऱ्या स्कोपना परवानगी दिली होती, 2024 मध्ये ती मझललोडरच्या खास हंटपुरती परत काढून घेतली, आता तिथं 1x पर्यंतच, म्हणजे वस्तू आहे त्याच आकाराची दाखवणारा.

आता खरी अडचण. उघड्या साइटनं नेम धरताना खाच, माशी आणि जनावर अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट फोकस करतो. चाळिशी लागली की जवळचं धूसर व्हायला लागतं, मग जनावर स्पष्ट दिसलं तरी माशी पुसट आणि माशीकडं बघावं तर जनावर पुसट. बारीक भोकाची पीप साइट यात बरीच मदत करते, पण डोळ्याचा आजार असेल तर तीही पुरत नाही. आणि इथं फक्त शिकाऱ्याच्या हौसेचा प्रश्न नाहीये, नेम चुकला तर जखमी जनावर रानात तडफडत राहतं, म्हणून दृष्टिदोष असलेल्यांना साइटच्या नियमात सवलत देणं म्हणजे कुणाचे लाड नाहीत असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

आयडाहोतला तोडगा त्यामुळेच पटतो. तिथं मझललोडर हंटला उघडी किंवा पीप साइटच लागते, पण दृष्टिदोष असलेल्या शिकाऱ्याला अर्ज करून मोठं न दाखवणाऱ्या स्कोपचा परमिट मागता येतो. म्हणजे क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) आणि जनावर एकाच फोकसमध्ये येतात, तीनाच्या जागी एकच गोष्ट बघायची, पण लांबचं जवळ येत नाही, पल्ल्याचा फायदा काही मिळत नाही. मझललोडरचा मूळ हेतू शाबूत राहतो आणि माणूसही शिकारीतून वगळला जात नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे कायद्यानं अंध ठरलेले शिकारी. अमेरिकेत चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 20/200 (म्हणजे चांगल्या नजरेला 200 फुटांवरून दिसतं ते 20 फुटांवरून दिसणं) किंवा त्याहून कमी असेल, किंवा दृष्टीचा पट्टा 20 अंशांहून जास्त नसेल, तर माणूस कायद्यानं अंध धरतात. टेक्ससमध्ये 2007 च्या कायद्यानं अशांना लेझर साइट वापरायची मुभा मिळाली, मिशिगनमध्येही तशी सोय आहे. सोबत डोळस माणूस मात्र पाहिजेच. लेझरचा ठिपका जनावरावर नेमका कुठं पडलाय ते तो सोबती बघतो, हळू आवाजात डावीकडं, जरा वर असं सांगतो, जनावर कुठलं आणि त्याच्या मागं कोण उभं नाही ना याची खात्री तोच करतो, आणि चाप शिकारी स्वतः ओढतो. लेझर इतरांना का नाही असं कुणी विचारतं, तर इतरांना ठिपका स्वतः दिसतो, इथं तो दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे.

कायद्याचा आधार बघायचा तर 1990 चा अपंगत्वविषयक संघराज्य कायदा, राज्याच्या खात्यांनी आपले नियम अपंगांसाठी वाजवी प्रमाणात बदलून द्यावेत असं तो सांगतो, फक्त योजनेचा गाभाच बदलेल असा बदल मागता येत नाही. प्रत्यक्षात डॉक्टरचं सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी लागतंच आणि एका राज्याचा परमिट दुसऱ्या राज्यात आपोआप चालेल असं धरून चालू नये.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौशी शिकार बंदच आहे, त्यामुळे असे नियम आपल्याकडं नाहीत. कोकणात ठासणीची बंदूक दिसते ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर.