सेटपॉइंट वेगळा, रूम टेंपरेचर वेगळं

बीएमएसच्या, म्हणजे मोठ्या इमारतीतली एसीसारखी यंत्रणा एका जागेवरून चालवणाऱ्या सिस्टिमच्या, स्क्रीनवर एसीचं पान उघडलं की दोन आकडे शेजारीशेजारी दिसतात, सेटपॉइंट आणि रूम टेंपरेचर, दोन्ही डिग्री सेल्सियसमध्येच, आणि नवीन माणसाची सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. मग फोन येतो, "अहो तुम्ही २४ केलंय म्हणता, मग स्क्रीनवर २७ कसं, सिस्टिम बिघडली का?" बिघडलेलं काही नसतं.

सेटपॉइंट म्हणजे आपण मागितलेलं तापमान. रूम टेंपरेचर म्हणजे भिंतीवरच्या सेन्सरला आत्ता जे लागतंय ते. पहिला आकडा आपण बदलायचा, दुसरा फक्त वाचायचा. बॅकनेटमध्ये, म्हणजे ही उपकरणं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिच्यात, तर दोघं मुळातच वेगळे पॉइंट (नोंदी) असतात, सेन्सरचं रीडिंग अ‍ॅनालॉग इनपुट (बाहेरून मोजून आलेला आकडा) म्हणून येतं आणि सेटपॉइंट बहुतेक वेळा अ‍ॅनालॉग व्हॅल्यू (सिस्टिममध्येच ठेवलेला आकडा) असतो. एक मात्र लक्षात ठेवा, टेस्टिंग करताना कधीकधी इनपुट आउट ऑफ सर्व्हिस करून, म्हणजे सेन्सरपासून तोडून, तिथे हाताने आकडा टाकतात आणि परत काढायचं राहून जातं, तेव्हा ट्रेंडमध्ये, म्हणजे वेळेनुसारच्या आलेखात, रूम टेंपरेचरची रेघ तासन्‌तास एकदम सरळ दिसली तर आधी हे तपासा, खऱ्या खोलीचं तापमान थोडंतरी हलतंच.

या दोन आकड्यांमधला फरक बघून कंट्रोलर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह कमीजास्त उघडतो. आता लोक काय करतात, खोली २८ ला आहे, लवकर गार हवी, म्हणून सेटपॉइंट थेट १८. पण २४ वर असतानाच व्हॉल्व्ह १०० टक्के उघडलेला असतो, पाणी तेच साधारण ७ डिग्रीचं येतंय, फॅनही फुल, मग १८ केल्याने जास्तीचं गार येणार कुठून? उलट खोली २४ च्या खाली जाऊनही थांबत नाही आणि तासाभराने "फार थंडी वाजते" असा दुसरा फोन येतो. इन्व्हर्टर किंवा व्हीआरएफमध्ये (बाहेरच्या एका युनिटवर अनेक खोल्या गार करणारा एसी) फरक मोठा असेल तर कंप्रेसर सुरुवातीला थोडा जास्त पळू शकतो हे खरंय, पण त्यालाही त्याची मर्यादा आहेच.

आणि सेटपॉइंट हाताने लिहिला की तो नंतर सोडायचा पण असतो! बॅकनेटमध्ये प्रायॉरिटीच्या, म्हणजे कोणाचं आधी ऐकायचं याच्या, १६ पायऱ्या आहेत, १ सगळ्यात वरची, ऑपरेटरने मॅन्युअली लिहिलेलं ८ वर बसतं आणि शेड्यूल, म्हणजे ठरलेलं वेळापत्रक, सहसा त्याच्या खाली असतं. म्हणजे तुम्ही ८ व्या पायरीवर लिहिलेली २२ ची व्हॅल्यू रिलीज केली नाही, म्हणजे काढून घेतली नाही, तर रात्री शेड्यूलने २८ मागितलं तरी सेटपॉइंट २२ वरच अडकून राहणार आणि रिकाम्या मजल्यावर एसी रात्रभर चालणार. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण रिलीज करायला दोन क्लिक लागतात.

पण सगळ्यात फसवा आकडा रूम टेंपरेचरच, कारण नाव रूमचं असलं तरी मोजलं जातं ते सेन्सरजवळचं. एका ऑफिसात सेटपॉइंट २४, रूम टेंपरेचर २६.८, व्हॉल्व्ह १०० टक्के, आणि माणसं मात्र स्वेटर घालून बसलेली. आमच्यातल्या एकाने स्क्रीन बघून सेटपॉइंट २२ केला, पण व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा, त्याने काहीच फरक पडला नाही, सगळे कुडकुडतच राहिले. मी वर जाऊन टेबलापाशी थर्मामीटर धरला तर २१.५. मग सेन्सर शोधला, बरोबर त्याच्या खाली मोठा प्रिंटर ठेवलेला, त्याच्या जाळीतून येणारी गरम हवा सरळ सेन्सरवर, हात धरला तर ऊब स्पष्ट लागत होती. प्रिंटर पलीकडच्या भिंतीला नेला, २२ ची व्हॅल्यू रिलीज करून शेड्यूलचे २४ परत येऊ दिले. थोड्याच वेळात रीडिंग २२ च्या खाली उतरलं, व्हॉल्व्ह बंद झाला, आणि दुपारनंतर खोली हळूहळू वर येत २४ च्या आसपास थांबली, थर्मामीटरवर पण आणि स्क्रीनवर पण.