हिरव्या सेकंदांचा हिशेब

सिग्नल हिरवा झाला तरी रांगेतली पहिली गाडी लगेच निघत नाही. दिव्याकडे लक्ष जाणं, गिअर टाकणं, ब्रेकवरचा पाय काढणं, यात साधारण दोन सेकंद जातात. मग तिच्यामागची हलते, मग तिच्यामागची. चौथ्या-पाचव्या गाडीपासून रांगेला लय सापडते आणि मग एका मार्गिकेतून दर दोन सेकंदांना सुमारे एक मोटार चौकात शिरते. दिवा तासभर अखंड हिरवा राहिला, तर अशा १८०० मोटारी जातील.

अर्थात तो अखंड हिरवा राहत नाही. चार रस्ते जिथे मिळतात तिथे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाव वेळ येतो आणि मार्गिकेमागे १८०० चे ४५० उरतात. पुढचे दोन किलोमीटर सहापदरी केले, सिमेंटचे केले, दुभाजकात बोगनवेल लावली, तरी चौक ४५०च सोडणार. शहरातल्या रस्त्याची खरी क्षमता त्याच्या रुंदीपेक्षा चौकात मिळणाऱ्या हिरव्या सेकंदांवर ठरते. वाहतूक नियोजन म्हणजे बऱ्याच अंशी या सेकंदांची वाटणी. ती करणारी कार्यालयं मात्र एक नाही, अनेक आहेत.

पुण्याचा विद्यापीठ चौक घ्या. कागदोपत्री त्याचं नाव आचार्य आनंदऋषीजी चौक. गणेशखिंड रस्त्यावर शिवाजीनगरकडून आलेली गर्दी इथे औंध, बाणेर आणि पाषाण या तीन दिशांना फुटते आणि संध्याकाळी त्याच तीन दिशांकडून परत गोळा होते. इथला जुना उड्डाणपूल २०२०च्या टाळेबंदीत पाडला, कारण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो आणि नवा दुमजली पूल यांच्या आड तो येत होता. पूल उभा असतानाही कोंडी होती आणि पाडल्यावरही होती. त्याचं कारण समजून घ्यायला थोडं गणित लागतं.

ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत एफ. व्ही. वेबस्टर यांनी सिग्नलवरच्या रांगांचा अभ्यास करून १९५८ साली काही सूत्रं मांडली. भारतातले अभियंते आजही त्यांचा आधार घेतात. पहिलं सूत्र सोपं आहे. स्टॉप लाइनपाशी रस्त्याची रुंदी मीटरमध्ये मोजायची आणि तिला ५२५ ने गुणायचं. सलग हिरवा दिवा राहिला तर तासाला तितकी मोटार-एककं (तूर्त मोटारीच समजा) तिथून बाहेर पडतील. साडेपाच मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला हे लागू होत नाही, पण मोठ्या चौकांना होतं. ९ मीटर रुंदी असेल तर उत्तर ४७२५ येतं. आता त्या स्टॉप लाइनच्या अलीकडे, अगदी कोपऱ्यावर, प्रवाशांची वाट पाहत दोन रिक्षा उभ्या करा. वापरण्याजोगी रुंदी ७ मीटर उरली, उत्तर ३६७५. पाचातला एक हिस्सा क्षमता गेली, तीही रस्त्याचा एक इंचसुद्धा कुणी खोदलेला नसताना. याच रिक्षा शंभर मीटर मागे उभ्या असत्या तर एवढं नुकसान झालं नसतं. चौकाच्या तोंडाशी अडलेली जागा सर्वांत महाग असते, आणि आपल्याकडे बसथांबा, रिक्षा थांबा, वडापावची गाडी, फुलवाला, सगळ्यांना नेमकी तीच हवी असते, कारण माणसंही तिथेच असतात.

मोटार-एकक हे माप आपल्यासाठी फार महत्त्वाचं. रस्त्यावर मोटारी, दुचाकी, रिक्षा, बस, टेम्पो, क्वचित बैलगाडी असं सगळं असतं, तेव्हा गाड्यांची नुसती संख्या निरुपयोगी ठरते. म्हणून प्रत्येक वाहन किती मोटारींइतकी जागा अडवतं ते ठरवलं जातं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत दुचाकीला ०.५ ते ०.७५, रिक्षाला १.२ ते २ आणि बस-ट्रकला २.२ ते ३.७ एककं धरली आहेत. बस तीन मोटारींइतकी जागा खाते हे वाचून मोटारवाल्यांनी खूश होऊ नये. भरलेल्या बसमध्ये पन्नास माणसं असतात. तेवढीच माणसं एकेकट्याने मोटारीतून निघाली तर पन्नास एककं होतात. गाड्या मोजायच्या ऐवजी माणसं मोजली की बसला स्वतंत्र मार्गिका देणं लाड वाटत नाही.

(हे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेच्या जन्मात एका मराठी माणसाचा हात आहे. १९२७ साली देशातल्या रस्त्यांची स्थिती तपासायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. या समितीच्या शिफारशींतून रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. पुढे जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या नावाचं ग्रंथालय या चौकालगतच्या विद्यापीठाच्या आवारातच आहे.)

आता वाया जाणाऱ्या वेळाकडे वळू. एका बाजूचा दिवा लाल होऊन दुसऱ्या बाजूचा हिरवा होईपर्यंत चौक रिकामा व्हावा लागतो. त्यात पिवळ्याची सेकंदं, सगळीकडे लाल असल्याची सेकंदं आणि नव्या रांगेची सुरुवातीची दोन सेकंदं मिळून दर बदलामागे चारेक सेकंद कुणालाच उपयोगी पडत नाहीत. चार टप्प्यांच्या, म्हणजे आळीपाळीने चारदा वेगवेगळ्यांना हिरवा देणाऱ्या सिग्नलवर एका पूर्ण फेरीत १६ सेकंद गेली. फेरी ६० सेकंदांची असेल तर हा पाव वेळ होतो. १२० सेकंदांची केली तर नुकसान निम्म्यावर येतं. लग्नाच्या पंगतीसारखंच हे. पंगती मोठ्या ठेवल्या की पानं उचलण्यात कमी वेळ जातो, पण दाराशी ताटकळणाऱ्यांची रांगही लांबते.

मग फेरी किती सेकंदांची ठेवावी? वेबस्टरचं दुसरं सूत्र तेच सांगतं. वाया जाणाऱ्या वेळाची दीडपट करायची, त्यात ५ मिळवायचे आणि १ मधून चौकावरचा भार वजा करून जे उरेल त्याने भागायचं. भार म्हणजे प्रत्येक टप्प्यातल्या सर्वाधिक गर्दीच्या रस्त्यावर येणारी वाहनं भागिले तो रस्ता सोडू शकेल ती वाहनं, आणि अशा सगळ्या आकड्यांची बेरीज. वाया जाणारा वेळ १६ सेकंद आणि भार ०.७ असेल तर उत्तर सुमारे ९७ सेकंद येतं. ठीक आहे. भार ०.९ झाला की २९० सेकंद. ०.९५ ला ५८०, म्हणजे जवळजवळ दहा मिनिटं. भार १ झाला की भागाकाराखाली शून्य येतं आणि सूत्र हात वर करतं. भार ०.७ वरून ०.९ वर गेला, म्हणजे गर्दी तीसेक टक्क्यांनी वाढली, की योग्य फेरी तिप्पट होते. पाऊस पडला, एखादी गाडी बंद पडली, शाळा सुटली, तर एरवी चालणारा चौक दहा मिनिटांत का तुंबतो आणि मग तासभर का सुटत नाही, याचं उत्तर या भागाकारात आहे.

यातून सुटण्याचा एक मार्ग पोलिसांना चांगला ठाऊक आहे. तो बहुतेक चालकांना आवडत नाही. उजवं वळण बंद करायचं. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवीकडे वळणारी गाडी समोरून येणाऱ्या सगळ्या रांगेला आडवी जाते आणि तिच्यासाठी वेगळा टप्पा द्यावा लागतो. बॅरिकेड टाकून ते वळण बंद केलं, लोकांना पुढे जाऊन यू-टर्न घ्यायला लावला, की टप्पे चारचे दोन होतात. वाया जाणारा वेळ निम्मा होतो आणि मोकळी झालेली हिरवी सेकंदं सरळ जाणाऱ्यांना मिळतात. अर्धा किलोमीटर जादा जावं लागलेला माणूस चिडतो. त्याचं चिडणं खरं आहे आणि पोलिसांचं गणितही बरोबर आहे. फक्त यू-टर्नची जागा फार जवळ ठेवली तर तिथली रांग मागे सरकत चौकातच येऊन बसते. तसंही पुष्कळदा झालेलं आहे.

सगळीच कोंडी चौकात जन्मत नाही. जपानमध्ये नागोयाच्या संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळात २२ मोटारी एकामागोमाग एक समान वेगाने चालवायला सांगितलं. सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. थोड्याच वेळात कुणी किंचित हळू झालं, मागच्याने जरा जोरात ब्रेक लावला, त्याच्यामागच्याने आणखी जोरात, आणि थांबलेल्या गाड्यांचा एक पुंजका तयार होऊन वर्तुळात उलट्या दिशेने सरकू लागला. २००८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. द्रुतगती मार्गावर शनिवारी सकाळी कारण नसताना थांबलेली आणि कारण नसताना सुटलेली रांग बरेचदा याच जातीची असते.

आता या गणितातला एकेक आकडा कुणाच्या हातात आहे ते पाहू. स्टॉप लाइनपाशी रुंदी किती, पदपथ किती, दुभाजक कुठे, हे महापालिकेचा पथ विभाग ठरवतो. सिग्नलचे खांब, दिवे आणि वीज यांची जबाबदारीही पालिकेकडे. हातगाडी हटवणं अतिक्रमण विभागाकडे, पण पथारीवाल्यांना २०१४च्या कायद्याने हक्क दिलेले असल्याने नुसतं हटवून भागत नाही. बसथांबा शहराची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलचा. रस्त्यात उभे असलेले मेट्रोचे खांब कधी महामेट्रोचे, तर विद्यापीठ चौकातले पीएमआरडीएचे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. रस्त्यावर किती वाहनं आणि कुठली, हे नोंदवतं आरटीओ. परवाना, नोंदणी आणि व्यावसायिक वाहनांचं योग्यता प्रमाणपत्र त्यांच्याकडे. चौकात उभा राहून वाहतूक वळवणं आरटीओचं काम नाही, तरी पावती फाडणाऱ्या प्रत्येक गणवेशाला लोक आरटीओ म्हणतात.

उरली वाहतूक शाखा. पोलीस आयुक्तालयात एक उपायुक्त तिचे प्रमुख असतात. मोटार वाहन कायदा १९८८ची कलमं ११५, ११६ आणि ११७ वापरून ही शाखा एकेरी वाहतूक, अवजड वाहनांना प्रवेशबंदी, पी-१ पी-२चं सम-विषम तारखांचं पार्किंग असे आदेश काढते. सेकंदांची वाटणी प्रत्यक्षात हिच्या हातात, पण वाटायला एकूण किती मिळणार हे वर सांगितलेल्या बाकीच्यांनी आधीच ठरवलेलं असतं. अनेक चौकांत आता गर्दी मोजून वेळ बदलणारे सिग्नल आहेत. भार १ च्या खाली असेपर्यंत ते छान काम करतात. तो ओलांडला की हवालदार पेटी उघडून सिग्नल हातात घेतो, कारण पुढच्या चौकातून मागे आलेली रांग यंत्रातल्या गणिताला दिसत नसली तरी त्याला दिसत असते.

शहराची हद्द आणि महामार्ग एकमेकांत शिरतात तिथे गुंता वाढतो. मुंबई-बंगळुरू महामार्गावरचा पुण्यातला नवले पूल हे त्याचं सर्वांत दुःखद उदाहरण. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारा लांब उतार थेट शहराच्या गर्दीत उतरतो. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री उतारावरून आलेल्या एका मालवाहू वाहनामुळे सुमारे ४८ गाड्या एकमेकांवर आदळल्या. ४० टनांचा ट्रक समजा १०० मीटर उंचीवरून खाली आला, तर साधारण लिटरभर डिझेल जाळल्यावर मिळेल तेवढी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन त्यातला मोठा वाटा सोसतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलं की सगळी उष्णता ब्रेकवर येते, अस्तर तापतं, पकड सुटते. रस्ता आणि त्याचा उतार राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, आजूबाजूची वस्ती पालिकेच्या हद्दीत, वेगमर्यादेचा आदेश पोलिसांचा, ट्रकच्या ब्रेकची तपासणी परिवहन खात्याची. रम्बलर (वेग कमी करायला लावणारे रस्त्यावरचे आडवे उंचवटे), फलक, कॅमेरे अपघातानंतर आले, कारण अपघातप्रवण ठिकाणाची केंद्राची व्याख्याच मागे वळून पाहणारी आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाल्यावर त्या जागेचं नाव यादीत येतं. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. अशा याद्या भरायला वेळ लागत नाही.

यंत्रणा एकत्र बसतात तेव्हा फरक पडतो हेही दिसलं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून अपघातांची एकेक जागा तपासली, धोकादायक कठडे झाकले, उभ्या ट्रकांवर कारवाई केली, रुग्णवाहिकांचा वेळ कमी केला. २०१९ मध्ये आकडा ९२ वर आला.

२०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकांनुसार न केल्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मला ही रक्कम फार कमी वाटते, पण निदान हेल्मेट न घालणाऱ्याबरोबर रस्ता बांधणाराही आता त्याच कायद्यात आहे.

तक्रार करायची असेल तर आधी आकडा कुणाचा ते ओळखावं. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे. बंद दिवा, पुसलेले पट्टे आणि खड्डा यांसाठी पालिका, चुकीच्या जागी सुरू असलेला यू-टर्न किंवा पार्किंग यांसाठी वाहतूक शाखा. चौकाच्या तोंडाशी असलेला बसथांबा हलवायचा तर अर्ज तिघांना लागतो, पीएमपीएमएल, पथ विभाग आणि वाहतूक शाखा. त्यात थांबा स्टॉप लाइनपासून किती मीटरवर आहे आणि संध्याकाळी किती मीटर रुंदी अडते, हे मोजून लिहावं. ५२५ ने गुणायला अभियंत्याला तेवढं पुरतं.