अमेरिकेत कॉलेज डिबेटला जज व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि मुख्य म्हणजे पॅराडाइम कसा लिहायचा

इथे मास्टर्स-पीएचडीला आलेली आपली मुलं, ज्यांनी महाराष्ट्रात कॉलेजला असताना वादविवाद स्पर्धा गाजवल्यात, ती बरेचदा विचारतात की इथल्या डिबेटला जज म्हणून जाता येतं का. येतं. मी अंडरग्रॅडला इथेच पॉलिसी डिबेट (एखादं धोरण हवं की नको यावरचा वाद) केलं आणि आता काही वर्षं जजिंग करतेय, त्यामुळे प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकते, पॅराडाइम म्हणजे जज राऊंड कसा बघतो याचं त्यानं स्वतः लिहिलेलं टिपण, तेसुद्धा.

आधी हे कुठलं डिबेट ते बघा. एनडीटी म्हणजे नॅशनल डिबेट टूर्नामेंट १९४७ मध्ये वेस्ट पॉइंटला सुरू झाली, सीडा (क्रॉस एक्झामिनेशन डिबेट असोसिएशन) ही संघटना १९७१ ची, आणि १९९६ पासून दोन्हीकडे एकच विषय चालतो, तो पूर्ण वर्षभर. टीम दोघांची. प्रत्येकाचं एक ९ मिनिटांचं कन्स्ट्रक्टिव्ह (मुद्दे मांडायचं भाषण), एक ६ मिनिटांचं रिबटल (उत्तर द्यायचं भाषण), प्रत्येक कन्स्ट्रक्टिव्हनंतर ३ मिनिटं क्रॉस-एक्झामिनेशन म्हणजे समोरच्या टीमचे प्रश्न आणि वर प्रत्येक टीमला १० मिनिटं तयारीचा वेळ. नुसती बेरीज केली तरी ९२ मिनिटं होतात, त्यात निकाल आणि चर्चा धरली की एक राऊंड सहज दोन-अडीच तासांचा. आपल्याकडे परीक्षक उच्चार, हावभाव, सभाधीटपणा असे रकाने भरतात, ते इथे पूर्ण विसरायचं. मुलं मिनिटाला तीनशेच्या आसपास शब्द बोलतात, पुरावे वाचतात, आणि जजनं प्रत्येक मुद्दा कागदावर उभ्या रकान्यांत उतरवून घ्यायचा असतो, त्याला फ्लो म्हणतात. निकाल त्या फ्लोवरून.

पात्रता म्हणाल तर परीक्षा, लायसन्स वगैरे काही नाही. पण टूर्नामेंट चालवणारे बघतात की तुम्ही स्वतः डिबेट केलंय का, शिकवलंय का, किती राऊंड जज केलेत. नवीन माणसानं सरळ नॉव्हिस म्हणजे नवख्यांच्या डिव्हिजनपासून सुरुवात करावी, त्यात काही कमीपणा नाही. ज्या डिव्हिजनमध्ये तुम्ही स्वतः खेळताय तिथे अर्थातच जज होता येत नाही.

जायचे रस्ते दोन. प्रत्येक युनिव्हर्सिटीला आपल्या टीम्सच्या प्रमाणात जज द्यावे लागतात, तर तुमच्या युनिव्हर्सिटीत डिबेट टीम असेल तर तिच्या कोचला भेटा, ते तुमचं नाव स्वतःच्या जजमध्ये घालतील. हा सगळ्यात सोपा रस्ता. दुसरा म्हणजे हायर्ड जज, त्यासाठी टूर्नामेंटच्या निमंत्रणात दिलेल्या माणसाला मेल करायचा, किती राऊंड करू शकता ते स्पष्ट कळवायचं, आणि हे शेवटच्या आठवड्यात नाही, बरंच आधी.

हायर्डमध्ये पैसे मिळतात आणि इथेच आपल्या मुलांनी जपायला हवं. एफ-१ व्हिसावर असाल तर कॅम्पसबाहेरचं पैशाचं काम परवानगीशिवाय चालत नाही, एका वीकेंडचं असलं तरी, म्हणून होकार द्यायच्या आधी तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओला (विद्यार्थी व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एच-१बी वाल्यांनीही तसंच, आधी विचारायचं. आयोजक बहुतेक वेळा डब्ल्यू-९ फॉर्म पुढे करतात, तो अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि टॅक्सच्या दृष्टीने जे रेसिडेंट आहेत त्यांचा असतो, एफ-१ वरचे विद्यार्थी साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं त्यात बसत नाहीत, त्यामुळे समोर आला म्हणून सही करू नका.

बाकी सगळं टॅबरूम डॉट कॉमवर होतं, ती वेबसाइट नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन चालवते. अकाउंट उघडा, मोबाइल नंबर नीट टाका कारण कुठली खोली, कुठल्या टीम्स हे त्यावर येतं, आणि कोचनं तुमच्या नावाची जज म्हणून जी नोंद केली असेल ती स्वतःच्या अकाउंटला जोडून घ्या. हे जोडायचं राहिलं तर निकाल भरायचा ऑनलाइन बॅलट तुम्हाला दिसणारच नाही. मग कॉन्फ्लिक्ट भरा, म्हणजे ज्यांना तुम्ही जज करू नये त्यांची नावं. स्वतःची युनिव्हर्सिटी, जिथे शिकवलंय ती, ज्या मुलांना कोच केलंय ती, नातेवाईक, ज्यांच्याशी प्रेमसंबंध आहेत किंवा होते ते, सगळे. शंका असेल तर लिहूनच टाका.

आता पॅराडाइम. काहीजण याला जज फिलॉसॉफी म्हणतात. तुम्ही राऊंड कसा बघता, काय मान्य करता, काय नाही, हे आपल्या शब्दात लिहून टॅबरूमवर टाकायचं. सगळ्या प्रक्रियेत खरा अर्ज हाच आहे, कारण टूर्नामेंटच्या आधी टीम्स हे वाचून जजना पसंतीक्रम देतात, काहींना स्ट्राइक करतात म्हणजे हे नकोतच असं सांगतात, आणि मग दोन्ही टीम्सना साधारण सारखाच पसंत असलेला जज कॉम्प्युटर लावतो. रिकामा पॅराडाइम असलेल्या अनोळखी जजला कोण कशाला पसंती देईल?

मी पहिल्या वर्षी दोन ओळी लिहिल्या होत्या, की मी सगळ्या आर्ग्युमेंट्सना ओपन आहे, छान डिबेट करा. एका राऊंडला नेगेटिव्ह म्हणजे विरोधातली टीम शेवटच्या भाषणात काउंटरप्लॅन (समोरच्यांच्या प्लॅनऐवजी दुसरा उपाय) आणि एक डिसअ‍ॅड (प्लॅनमुळे होणारं नुकसान) घेऊन गेली. काउंटरप्लॅन अफर्मेटिव्हनं, म्हणजे विषयाच्या बाजूनं प्लॅन मांडणाऱ्या टीमनं, हरवला. पण नुसती सध्याची परिस्थिती आणि प्लॅन अशी तुलना केली असती तर डिसअ‍ॅडवर नेगेटिव्ह जिंकत होती. जजनं आपणहून काउंटरप्लॅन बाजूला काढून ती तुलना करायची की नाही, याला जज किक म्हणतात, आणि राऊंडमध्ये त्यावर कुणीच काही बोललं नव्हतं. मी केली नाही, नेगेटिव्ह हरली. ती मुलगी शांतपणे म्हणाली, हे तुम्ही कुठे लिहिलंय का? लिहिलं नव्हतं. तिची बाकी चूक काहीच नव्हती. त्या रात्री हॉटेलवर बसून मी अख्खा पॅराडाइम नव्याने लिहिला.

तर लिहायचं काय? सुरुवातीला तुमचा अनुभव आणि या वर्षीच्या विषयावर किती राऊंड बघितलेत ते, खरं खरं. मग वेग. समजत नसेल तर तुम्ही किती वेळा क्लिअर म्हणून ओरडणार आणि नंतर लिहिणं थांबवणार का. मग ड्रॉप झालेला मुद्दा, म्हणजे समोरच्यानं उत्तरच दिलं नाही तर तो आपोआप खरा धरता का? माझं उत्तर असं की मुद्द्यामागे कारण दिलेलं असेल तर हो, नुसतं विधान असेल तर नाही. टॉपिकॅलिटीवर, म्हणजे प्लॅन दिलेल्या विषयात बसतो का या वादात, दोन्ही बाजूंच्या व्याख्यांची तुलना करता की अफर्मेटिव्हची व्याख्या पुरेशी वाजवी असली की झालं, तेही सांगा. नेगेटिव्हनं किती कंडिशनल, म्हणजे नंतर सोडून देता येणारे, पर्याय ठेवले तर जास्त वाटतात, आणि जज किकचं तर आता मी सांगितलंच.

क्रिटिकवर, म्हणजे प्लॅनमागची गृहीतकं किंवा विचारसरणीच चुकीची आहे या आर्ग्युमेंटवर, जरा जास्त लिहा. त्यातलं कुठलं वाचन तुमचं झालंय आणि कुठलं नाही ते कबूल करा, अफर्मेटिव्हला आपल्या प्लॅनचे फायदे तोलायला मिळतात का ते लिहा, आणि ज्या टीम्स प्लॅनच मांडत नाहीत त्यांच्याविरुद्ध फ्रेमवर्क, म्हणजे विषयाला धरून प्लॅन मांडायलाच हवा हे आर्ग्युमेंट, तुम्ही कसं ऐकता तेही. यावर जजेसमध्ये खरोखर मतभेद आहेत आणि मुलं सगळ्यात आधी हाच परिच्छेद शोधतात. मनातून एका बाजूला कल असेल तर लिहा ना, लपवून तटस्थ असल्याचं दाखवलं तर नुकसान मुलांचं होतं.

राऊंडनंतर पुरावे स्वतः वाचता का, वाचत असाल तर सगळे की फक्त ज्यावर वाद झाला ते, हेही टाका. क्लिपिंगबद्दलही, म्हणजे वाचलं म्हणून दाखवलेला मजकूर प्रत्यक्षात गाळलेला असणं, ती फसवणूकच आहे आणि आरोप झाला तर रेकॉर्डिंग लागेल का ते आधीच कळलेलं बरं. स्पीकर पॉइंट्स ३० पैकी, दशांशात देतात, आणि चांगल्या डिव्हिजनमध्ये २७ म्हणजे खूप कमी समजतात, तेव्हा तुमचा स्केल आकड्यांत लिहा. ईमेल चेनचा (राऊंडमध्ये पुरावे ज्या मेलवर पाठवतात तिचा) पत्ता टाकताना वेगळं खातं काढा कारण पॅराडाइम दुसऱ्यांना वाचता येतो.

प्रत्यक्ष दिवशी लॅपटॉप चार्ज, कागद भरपूर, पोचलात की बॅलटवर स्टार्ट दाबा म्हणजे टॅबवाल्यांना (राऊंड लावणाऱ्यांना) राऊंड सुरू झाल्याचं कळतं. निकाल आणि पॉइंट्स आधी सबमिट करा, हरलेल्या टीमचे पॉइंट्स मुद्दाम जास्त दिले असतील तर टाकताना दोनदा बघा की चुकून उलटं तर नाही झालं, आणि मगच मुलांना तोंडी कारण सांगा. कारण सांगताना फ्लो समोर धरा, कुठल्या भाषणातल्या कुठल्या वाक्यावर निकाल फिरला ते दाखवा, आणि हरलेल्यांचे प्रश्न संपेपर्यंत खोलीतून उठू नका.