एकाच कढईत कोळंबी आणि पालेभाजी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून साफ केलेल्या कोळंबीचे २५० ग्रॅमचे पाकीट नेणारे बरेच ग्राहक संध्याकाळी कामावरून परतताना येतात आणि अर्ध्या तासात जेवण तयार होईल असे काही सुचवा, असे सांगतात. कालवणासाठी वाटण करण्याइतका वेळ त्यांच्याकडे नसतो आणि नुसती तळलेली कोळंबी चार माणसांना पुरत नाही. अशा वेळी लाल माठाच्या दोन जुड्या घेऊन एकाच कढईत दोन्ही शिजवावे, असे आम्ही सुचवतो. कोकणातल्या घरांना हा मेळ नवा नाही; मुळ्याच्या पाल्यात जवळा किंवा शेवग्याच्या पाल्यात सुकट घालणे पूर्वापार चालत आले आहे. येथे फक्त सुक्या मासळीच्या जागी ताजी कोळंबी येते, आणि तेवढ्यानेच कृतीचा क्रम बदलतो.

हा क्रम आम्ही चुकूनच शिकलो. सुरुवातीच्या हंगामात आम्ही चिरलेला माठ आणि सोललेली कोळंबी एकाच पाकिटात भरून देत होतो. ग्राहकांचे काम वाचेल असे आम्हाला वाटले होते; प्रत्यक्षात पाकीट जसेच्या तसे कढईत ओतल्यावर भाजीला पाणी सुटायचे, ते आटेपर्यंत कोळंबी त्यात दहा-पंधरा मिनिटे उकळत राहायची आणि शेवटी चिवट होऊन ताटात यायची. तक्रारी रास्त होत्या. पालेभाजीत बहुतांश पाणीच असते, आणि तापलेल्या भांड्यात ते पाच मिनिटांत बाहेर पडते. कोळंबीला मात्र एकूण तीन-चार मिनिटांहून अधिक आच लागतच नाही. त्यापुढे तिच्या मांसातील प्रथिने आवळत जातात, आतला रस पिळून बाहेर येतो आणि तुकडा रबरासारखा होतो. म्हणून भांडे एकच असले तरी दोन्ही जिन्नस एकाच वेळी त्यात पडता कामा नयेत. आता आम्ही कोळंबी वेगळी देतो आणि भाजी आपण आपल्या बाजारातून घ्यावी असे सांगतो.

चार माणसांसाठी कोळंबीचे एक पाकीट, माठाच्या दोन मध्यम जुड्या, एक मोठा कांदा, सालासकट ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, पाव चमचा हळद, एक चमचा घरचा लाल मसाला, तीन-चार आमसुले, दोन मोठे चमचे ओले खोबरे आणि तितकेच तेल पुरते. मसाला याहून वाढवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण माठाची चव सौम्य असते आणि ती मसाल्याखाली सहज दबते.

माठ निवडून तीन पाण्यांत धुवावा. मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घेऊन पाला त्यात बुडवून हलवावा आणि वरच्या वर हाताने उचलून घ्यावा. भांडे चाळणीवर उपडे केल्यास तळाशी बसलेली माती पुन्हा पाल्यावरच येते. कोवळे देठ टाकून न देता बारीक चिरून वेगळे ठेवावेत. धुतलेला पाला चाळणीत नीट निथळू द्यावा.

पाकिटातील कोळंबीचा काळा धागा आम्ही काढलेला असतो, त्यामुळे ती फक्त एकदा थंड पाण्याखाली धरून स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावी. टिपण्याचा कंटाळा करू नये. ओली कोळंबी तेलात पडली की कढईचे तापमान उतरते आणि ती भाजली न जाता वाफवली जाते. टिपल्यावर तिला हळद आणि थोडे मीठ लावून भाजी चिरून होईपर्यंत बाजूला ठेवावे.

कढई पसरट आणि जाड बुडाची घ्यावी. ती मोठ्या आचेवर चांगली तापली की निम्मे तेल घालून कोळंबी एकेरी थरात पसरावी आणि एक मिनिट तिला हात लावू नये. खालची बाजू गुलाबी झाली की उलथण्याने परतून दुसरी बाजू मिनिटभर होऊ द्यावी. घड्याळापेक्षा आकारावर लक्ष ठेवावे. कच्ची कोळंबी सैल आणि राखाडी, काचेसारखी दिसते. चंद्रकोरीसारखी वाकली आणि आतून पांढरी, अपारदर्शक झाली की ती शिजली. आणि शेपटी दुसऱ्या टोकाला टेकून तिचे कडे झाले, तर ती जास्त शिजली असे समजावे. येथे मात्र ती पुरती चंद्रकोर होण्याच्या किंचित आधीच ताटलीत काढावी, कारण ती पुन्हा कढईत जाणार आहे. आमच्याकडे कोळंबी साफ करणाऱ्या मावशी या टप्प्याला ‘अर्धी लाजलेली’ म्हणतात. आम्हाला याहून नेमका शब्द सापडलेला नाही.

कढई धुऊ नये. तळाला जो तांबूस थर धरलेला असतो, त्यातच पुढच्या भाजीची चव असते. उरलेले तेल घालून लसूण, मिरची आणि कांदा त्यातच परतावा. कांद्याला पाणी सुटू लागले की हा थर उलथण्याने अलगद सुटतो. कांदा मऊ झाल्यावर मसाला, मग चिरलेले देठ घालून दोन मिनिटे परतावे आणि त्यानंतर पाला दोन-तीन खेपांत घालावा. पहिली खेप आळली की दुसरीला आपोआप जागा होते. वर पाणी घालू नये आणि झाकणही ठेवू नये. आच मोठीच ठेवावी, म्हणजे सुटलेले पाणी तिथल्या तिथे उडून जाते.

मिठाचा अंदाज पाला पूर्ण आळल्यावरच घ्यावा. कढई शिगोशीग भरलेली दिसत असताना घातलेले मीठ पाच मिनिटांनी मूठभर उरलेल्या भाजीला फार होते, आणि येथे तर कोळंबीलाही आधीच मीठ लागलेले आहे. भाजी जवळजवळ कोरडी झाली की आमसुले, खोबरे आणि ताटलीत सुटलेल्या रसासह कोळंबी घालून मिनिटभर हलवावे, आच बंद करावी आणि त्यानंतरच दोन मिनिटे झाकण ठेवावे. आमसूल शेवटी घालण्यामागे कारण आहे. हिरव्या पाल्याचा रंग आंबटाबरोबर शिजताना काळपट पडतो. लाल माठाच्या रंगाला आंबटाने तितकी इजा होत नाही, परंतु हीच कृती आपण उद्या हिरव्या भाजीवर कराल, म्हणून सवय एकच असलेली बरी. बिडाच्या कढईत केल्यास भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी; आमसुलासह ती लोखंडात राहिली की काळी पडते आणि तिला लोखंडाची चव येते. सोबत तांदळाची भाकरी असावी. गरम भाताबरोबरही चालते, पण ही भाजी कोरडी असल्याने भातावर सोलकढी लागते.

माठ मिळाला नाही तर मुळ्याचा पाला बारीक चिरून वापरावा आणि त्याला दोन-तीन मिनिटे अधिक द्यावीत. शेवग्याच्या पाल्याला पाणी कमी सुटते, म्हणून तेवढ्यापुरता पाण्याचा हबका मारून झाकण ठेवण्यास हरकत नाही. अंबाडी मुळातच आंबट असल्याने तिच्यात आमसूल घालू नये. कोळंबीऐवजी माकुलाच्या (स्क्विडच्या) चकत्या याच क्रमाने दोन मिनिटांत होतात. बांगडा मात्र या भाजीत घालू नये, असे आम्ही विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. चवीला तो उत्तम लागेल, पण पाल्यात मिसळलेला काटा डोळ्यांना दिसत नाही. ओल्या बोंबलात स्वतःचेच पाणी इतके असते की तोही येथे कामाचा नाही.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते आणि नेमका त्याच दिवसांत पहिल्या पावसाचा टाकळा, ही रानातली पालेभाजी, उगवतो. त्या काळात आम्ही सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, देतो. ते कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, पिळून, कांद्याबरोबरच परतावेत. ताज्या कोळंबीसारखे बाजूला काढण्याची गरज नाही, कारण सोड्यांना शिजायला वेळ लागतो आणि त्यांचा स्वाद भाजीत उतरणे हेच आपल्याला हवे असते. सोडे मुळात खारवलेले असल्यास वरचे मीठ चव पाहूनच घालावे.

पाकीट घरी नेताच फ्रिजमध्ये ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावे आणि त्याच दिवशी वापरावे. गोठवलेले पाकीट उणे १८ अंशांवर ठेवावे. वापरण्याच्या आदल्या रात्री ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवावे, किंवा घाई असल्यास बंद पाकीटच थंड पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावे. गरम पाणी वापरू नये, आणि एकदा वितळलेली कोळंबी कच्चीच पुन्हा गोठवू नये. उरलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी. घरात कोणालाही कोळंबी, खेकडा अशा कवचाच्या मासळीची ॲलर्जी असेल, तर त्या व्यक्तीसाठी कोळंबी वगळून याच कढईत भाजी करणे पुरेसे नाही; कढई, उलथणे आणि पाटही वेगळा घ्यावा. पाकीट उघडल्यावर समुद्राचा सौम्य वास येणे स्वाभाविक आहे. परंतु नाकाला झोंबणारा उग्र वास आला किंवा कोळंबी हाताला बुळबुळीत लागली, तर ती शिजवून न पाहता पाकिटासह आमच्याकडे परत आणावी. पावती नसली तरी बदली पाकीट दिले जाईल.